निळा चीक, काळी मुळं

चिकूच्या झाडाला खरचटलं की काय होतं, पाहिलंय कधी? पांढरा चिकट चीक येतो आणि तो हाताला लागला की साबण लावूनही लवकर जात नाही. या चिकूचा एक लांबचा भाऊबंद ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया नावाच्या बेटावर राहतो. त्याचं नाव पिक्नान्ड्रा अक्युमिनाटा. (पाठ करू नका, परीक्षेत येणार नाही.) त्याच्या सालीला चीर दिली की चीक येतो तो चक्क निळा-हिरवा!

हा रंग निकेलचा. निकेल म्हणजे आपल्या स्टीलच्या ताट-वाट्यांत लोखंडाबरोबर मिसळलेला असतो तोच धातू. १९७६ मध्ये शास्त्रज्ञांनी या झाडाचा चीक वाळवून तपासला, तेव्हा वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेल निघाला. विचार करा, शंभर ग्रॅम वाळलेला चीक आणि त्यात पंचवीस ग्रॅम धातू. आणि झाड मस्त टवटवीत उभं! दुसरं एखादं झाड एवढ्या निकेलनं कधीच वाळून गेलं असतं.

या झाडांना मी साठेबाज झाडं म्हणते. जमिनीतला धातू ती मुळांनी ओढून घेतात आणि पानांत, सालीत, चिकात साठवून ठेवतात. जगात अशा सातशेहून जास्त जाती सापडल्या आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना निकेलचीच हाव. मलेशियातल्या साबा राज्यात तर आपल्या आवळ्याच्या कुळातलं एक झुडूप आहे. २०१८ मध्ये त्याचं बारसं झालं आणि नाव ठेवलं फिलॅन्थस रूफसचॅनेयी, रूफस चेनी या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या नावावरून. झाडं लावून मातीतला धातू काढून घेता येईल, ही कल्पना त्यांनी १९८३ मध्येच मांडली होती. साबामध्ये आता या झुडपाची प्रायोगिक लागवड झाली आहे. मेंदीचं कुंपण छाटतात तशी त्याची छाटणी करायची, फांद्या जाळायच्या आणि राखेतून निकेल काढायचं. एका हेक्टरातून वर्षाला शंभर किलोच्या वर निकेल मिळू शकतं, असं चाचण्यांमध्ये दिसलं. निकेलची शेती!

पण झाडाला या धातूचा उपयोग काय? ते काही ताट-वाट्या करत नाही. बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की हा किड्यांचा बंदोबस्त आहे. पान कुरतडायला आलेल्या अळीच्या तोंडात धातू गेला की ती पुन्हा त्या वाटेला जात नाही. आर्सेनिक साठवणारा एक नेचा आहे, त्याची गोष्ट पुढे येईलच. त्याची आर्सेनिकवाली पानं नाकतोड्यांसमोर ठेवली, तर त्यांनी ती खायचं टाळलं.

बरं, ही झाली जमिनीवरची झाडं. आता नदीवर चला.

नदीत शिसं, कॅडमियम, पारा, क्रोमियम येतात कुठून? धातूवर मुलामा चढवणारे कारखाने, बॅटऱ्या, रंग, कातडी कमावणं, खाणी. तांबं मिळवण्यासाठी जुन्या वायरी आणि टीव्हीतले भाग जाळले जातात, त्याची राख पावसात वाहून ओढ्यात येते. जस्त, तांबं हे धातू थोडेसे तर शरीराला लागतातही. शिसं, पारा आणि कॅडमियम यांचं मात्र आपल्या शरीरात काडीचंही काम नाही.

आणि त्यांची मोठी पंचाईत अशी, की ते नष्ट होत नाहीत. घरातलं सांडपाणी नदीत गेलं तर त्यातली घाण जिवाणू खातात. हळूहळू तिचे तुकडे पडतात आणि शेवटी पाणी, वायू आणि थोडे क्षार उरतात. पण शिशाचा अणू खाऊन पचवणारा जिवाणू जन्माला आलेला नाही. आज नदीत पडलेला शिशाचा अणू तुमची पणतवंडं शाळेत जायला लागतील तेव्हाही शिशाचाच अणू असेल. पाण्यात नाही तर गाळात, गाळात नाही तर माशात, पण असेल नक्की.

किती शिसं चालतं पाण्यात? भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको. हा आकडा वाचून काहीच डोळ्यासमोर येत नाही, म्हणून हिशोब करू. गच्चीवरची एक हजार लिटरची टाकी घ्या. तिच्यात दहा मिलिग्रॅम शिसं विरघळलं की मर्यादा गाठली. तांदळाच्या एका दाण्याचं वजन साधारण वीस मिलिग्रॅम भरतं. म्हणजे अख्ख्या टाकीत अर्ध्या दाण्याएवढं शिसं! कॅडमियमची मर्यादा याहून कडक, टाकीभर पाण्याला तीन मिलिग्रॅम. पाऱ्याची तर एकच मिलिग्रॅम, म्हणजे दाण्याचा विसावा तुकडा.

आता हा अर्धा दाणा टाकीतून बाहेर काढा बघू. गाळणीनं? तो विरघळलेला आहे, फडक्यातून आरामात निघून जाईल. उकळून? पाण्याची वाफ होईल, शिसं मागं राहील, उलट पाणी आणखी घट्ट विषारी होईल. कारखान्याच्या गटारात धातू भरपूर असतो, तिथं चुना घालून तो तळाशी बसवता येतो. पण एकदा का तो नदीभर पसरून पातळ झाला, की ही युक्ती फार महाग पडते. इतका पातळ झालेला धातू वेचून घ्यायचा तर असा कुणीतरी हवा, जो रात्रंदिवस पाण्यात उभा राहील, पगार मागणार नाही आणि कणाकणानं गोळा करेल.

असा कुणीतरी आपल्या नद्यांमध्ये आधीच येऊन बसलाय. बोलावलेलं नसताना.

जलपर्णी! कोल्हापूरकडे केंदाळ म्हणतात ती. पुण्यात मुळा-मुठा, पिंपरी-चिंचवडची पवना, आळंदीची इंद्रायणी, कोल्हापूरची पंचगंगा: उन्हाळ्यात यांच्या पुलावरून खाली पाहिलं तर कधी कधी पाणी दिसतच नाही, हिरवं मैदान दिसतं. ही बाई मूळची दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. तिची फुलं सुंदर, म्हणून माणसांनी हौसेनं देशोदेशी नेली. भारतात ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली आणि बंगालमध्ये तिनं असा काही गोंधळ घातला, की होड्या चालेनात. १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध तिथं चक्क कायदा करावा लागला. एका झाडाविरुद्ध कायदा! नदीत मैलापाणी जितकं जास्त, तितकी ती फोफावते, कारण मैलापाण्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे तिचं खतच.

पण तिला जरा उलटी करून बघा. वरून दिसतात चकचकीत गोलसर पानं आणि फुगलेले देठ. देठ आडवा कापला तर आत हवेच्या बारीक बारीक खोल्या दिसतात, म्हणून तर ती तरंगते. फूल फिकट जांभळं, त्याच्या वरच्या पाकळीवर गडद डाग आणि डागाच्या मधोमध पिवळा ठिपका. सगळं छानच. खरी गंमत मात्र पाण्याखाली. तिथं मुळांचा दाट झुपका लोंबत असतो, कधी वीतभर तर कधी हातभर. रंग काळा-जांभळा. एकच मूळ वेगळं करून पाण्यात धरलं, की कळतं त्याला चारी बाजूंनी शेकडो बारीक उपमुळं आहेत. झुपका झटकला तर गाळ पडतो आणि त्या गाळात इवल्या गोगलगायी, कुठं एखादी अळी, कुठं कोळंबीचं पिल्लू. नदीतलं पाणी जाता जाता या जाळीतून जातं, आणि काम होतं ते इथंच.

कसं होतं? दोन टप्प्यांत.

पहिला टप्पा अगदी सोपा, त्यात झाडाची काहीच हुशारी नाही. मुळाच्या पेशीभोवती जी भिंत असते, पेशीभित्तिका, तिच्यावर ऋण विद्युतभार असतो. पाण्यात विरघळलेले शिशाचे, कॅडमियमचे कण असतात धन भाराचे. ऋण आणि धन एकमेकांना ओढतात हे तुम्ही शिकलाच आहात. कण येतात आणि भिंतीला चिकटतात. गंमत म्हणजे हे काम मेलेली मुळंसुद्धा करतात. जलपर्णीची मुळं वाळवून, भुकटी करून धातूच्या पाण्यात ढवळली, तरी भुकटीला धातू चिकटतो.

दुसरा टप्पा जिवंत मुळाचा. झाडाला लोह, जस्त, कॅल्शियम, पोटॅशियम, स्फुरद हे सगळं हवंच असतं. त्यासाठी पेशींना खास दारं असतात. जस्ताचं दार, कॅल्शियमचं दार, असं. आता लग्नाच्या पंगतीत काय होतं आठवा. मुलाकडच्यांना वाटतं हा मुलीकडचा, मुलीकडच्यांना वाटतं हा मुलाकडचा, आणि मधल्या मध्ये अनोळखी पाहुणा चार जिलब्या हाणून जातो. कॅडमियम हा तो पाहुणा! त्याचा आकार आणि भार असा, की लोहाच्या आणि जस्ताच्या दारावर कुणी त्याला अडवत नाही. आर्सेनिक असंच स्फुरदाच्या दारातून आत शिरतं, सीझियम पोटॅशियमच्या आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या.

पाहुणा घरात आला खरा, पण तो नासधूस करणारा. मग पेशी काय करते? ती एक छोटी साखळी तयार करते. साखळीत जागोजागी गंधकाचे अणू असतात, आणि गंधकाचं या धातूंशी फार घट्ट जमतं. (आजीच्या बटव्यातला किंवा देवघरातला हिंगूळ पाहिला असेल, तर तो म्हणजे पारा आणि गंधक यांचीच जोडी.) साखळी कॅडमियमला गच्च विळखा घालते, आणि मग ही जोडगोळी पेशीच्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पाण्याच्या पिशवीत, ढकलून दार बंद. तिथं ती कुणाला त्रास देत नाही. या साखळ्या १९८५ मध्ये जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी शोधल्या. त्यांना नाव दिलं फायटोकिलेटिन. आणि त्यांच्या अभ्यासात कोणत्या झाडाच्या पेशी होत्या? आपल्या सर्पगंधेच्या!

आता मजेची बातमी: जलपर्णीच्या या कामाची पहिली मोठी दखल घेतली ती अंतराळवाल्यांनी. होय, नासा. दूरच्या अंतराळ प्रवासात पाणी टाकून देता येत नाही, तेच पुन्हा पुन्हा स्वच्छ करून वापरावं लागतं. मग झाडांनी पाणी स्वच्छ करता येईल का, असा प्रश्न त्यांना पडला. १९७०च्या दशकात नासाच्या मिसिसिपी राज्यातल्या केंद्रात बिल वुल्व्हर्टन नावाचे शास्त्रज्ञ जलपर्णीच्या मागे लागले. जिथं बाकीचे लोक ती काढून फेकत होते, तिथं हे गृहस्थ ती टाक्यांत वाढवत बसले! टाकीतल्या पाण्यात मोजून कॅडमियम, निकेल, शिसं, पारा, चांदी घालायची, वर जलपर्णी सोडायची आणि थोड्या थोड्या वेळानं पाणी तपासायचं. धातू पाण्यातून कमी होत मुळांत जात होते. १९७५ मध्ये त्यांचे अहवाल आले. पुढे त्या केंद्राचं स्वतःचं सांडपाणीही जलपर्णीच्या तळ्यातून सोडायला सुरुवात झाली. चांदी कशाला तपासली, असं वाटलं असेल. तेव्हा फोटो फिल्मवर निघायचे, फिल्मवर चांदीचे क्षार असायचे, आणि फोटो धुतलेल्या पाण्यातून ती चांदी गटारात जायची. नासात फोटो किती निघत असतील याची कल्पना करा.

नंतर पाळी आली सूर्यफुलांची. १९८६ मध्ये युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला आणि आसपासच्या पाण्यात किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम मिसळलं. १९९०च्या दशकात तिथल्या एका तळ्यावर तराफे सोडले. तराफ्यांवर सूर्यफुलं, आणि मुळं खाली पाण्यात लोंबती. सूर्यफुलांनी दोन्ही धातू पाण्यातून ओढून घेतले: सीझियम जास्त करून मुळांत राहिलं, स्ट्रॉन्शियम वर खोडापानांत गेलं.

ही गोष्ट जगभर इतकी गाजली, की २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात अणुभट्टीचा अपघात झाल्यावर लोकांनी शेतांत आणि अंगणांत सूर्यफुलं लावली. सगळीकडे पिवळं पिवळं. पण सरकारी चाचण्यांत दिसलं, की फुलांनी सीझियम अगदी नावापुरतंच उचललं. असं का? चेर्नोबिलच्या तळ्यात सीझियम पाण्यात विरघळलेलं होतं. फुकुशिमात ते मातीत होतं, आणि चिकणमातीच्या पापुद्र्यांत सीझियम एकदा अडकलं की सुटता सुटत नाही. मुळांना दार आहे, पण पाहुणा दारापर्यंत पोचायला तर हवा ना! झाडांच्या बाबतीत वर्तमानपत्रातली बातमी वाचून घाईनं टाळ्या वाजवू नयेत, असं मला वाटतं ते यामुळेच. कोणता धातू, कुठं अडकलेला, पाणी वाहतं की साचलेलं, हे आधी विचारायला हवं.

वाहत्या नदीत तर हा प्रश्न फारच मोठा. पाणी मुळांपाशी थांबलं तर काही होणार. धावतं पाणी मुळांना नमस्कार करून पुढे निघून जातं. शिवाय नदीतला बराचसा धातू तळाच्या गाळात बसलेला असतो, तिथं तरंगत्या जलपर्णीचा हात पोचत नाही. त्यासाठी चिखलात पाय रोवून उभी राहणारी पाणकणीस किंवा बोरू यांच्यासारखी गवतं हवीत. म्हणून शहाणे लोक नदीत झाडं सोडत बसत नाहीत. नदीला मिळणारा नाला आधीच अडवतात, पाणी उथळ तळ्यांतून सावकाश फिरवतात आणि त्या तळ्यांत पाणकणीस, बोरू, कर्दळ लावतात.

असं सावकाश फिरवणं बघायचं तर कोलकात्याला जायला हवं. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांवर पाणथळ जमीन पसरली आहे. शहराचं मैलापाणी कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत जातं. या तळ्यांना तिकडे भेरी म्हणतात. ऊन, शेवाळ आणि जिवाणू मिळून पाणी स्वच्छ करतात आणि त्यातच रोहू, कटला वाढतात. ध्रुवज्योती घोष नावाच्या अभियंत्यानं आयुष्यभर या जागेचा अभ्यास केला आणि ती जगाला दाखवली. २००२ मध्ये तिला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. या भेरींच्या कडेनं कोळी मुद्दाम जलपर्णीचा पट्टा ठेवतात. बांबू रोवून तिला आवर घालायचा, म्हणजे ती तळंभर पसरत नाही. लाटांनी बांध ढासळत नाही, उन्हात माशांना सावली मिळते आणि पाण्यातले धातूही मुळांना अडकतात. शहराच्या त्या भागात कातडी कमावण्याचे कारखाने होते आणि कातडी कमावताना क्रोमियम वापरतात, त्यामुळे हे शेवटचं काम किरकोळ नव्हतं. जी जलपर्णी आपण बुलडोझरनं काढतो, तिला तिथं वेसण घालून कामाला लावलंय. मला हे फारच आवडतं.

आता तो राहिलेला नेचा. लीना मा या शास्त्रज्ञ फ्लोरिडात अशा जागी झाडं तपासत होत्या, जिथं पूर्वी लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आर्सेनिकचं औषध चोपडत असत. माती विषारी. तरी तिथं एक नेचा खुशाल वाढत होता. त्याची पानं तपासली तर वाळलेल्या पानांच्या किलोमागे वीस ग्रॅमहून जास्त आर्सेनिक! २००१ मध्ये ही बातमी 'नेचर' मासिकात आली. टेरिस व्हिट्टाटा हे त्याचं नाव, आणि तो आपल्याकडेही उगवतो. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या फटीत किंवा विहिरीच्या दगडांत बघा. लांब पान, दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्यांसारखी उपपानं, टोकाला एकच लांब पट्टी, आणि उलटून पाहिलं तर कडेकडेनं बीजाणूंची तपकिरी किनार. आपल्या भिंतीवरच्या नेच्यात एवढं विष नसतं, घाबरू नका. मातीत विष कमी तर पानातही कमी.

वाळ्याचंही असंच. माठात टाकतात तो सुगंधी वाळा. त्याची मुळं जमिनीत तीन-चार मीटर खोल जातात, आणि तराफ्यावर लावला तर पाण्यात दाट दाढी सोडतात. तो बहुतेक धातू मुळांतच धरून ठेवतो, वर पानांत फारसा जाऊ देत नाही. सांडपाण्यावर वाढवलेला वाळा मात्र माठात टाकायचा नाही, एवढं सांगायला नकोच.

की सांगायला हवं? कारण झाड पाणी 'स्वच्छ' करायला बसलेलंच नाही. त्याला जेवायचं असतं, आणि जेवता जेवता धातू आत जातो. जलपर्णीनं कॅडमियम ओढलं तर आपण टाळ्या वाजवतो. भातानं ओढलं तर? जपानमध्ये जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका ही जस्ताची आणि शिशाची खाण होती. जस्ताच्या दगडात कॅडमियम असतंच. ते नदीत उतरलं, नदीचं पाणी पाटांनी भातखाचरांत गेलं आणि भाताच्या मुळांनी तेच केलं जे जलपर्णीची मुळं करतात. तो भात खाऊन माणसांची, त्यातही वयस्कर बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली, की नुसत्या खोकल्यानं मोडत. १९६८ मध्ये जपान सरकारनं मान्य केलं, की हा आजार प्रदूषणाचा आहे. खाचरांतली वरची माती बदलण्याचं काम त्यानंतर कितीतरी वर्षं चाललं आणि २०१२ मध्ये संपलं. पालकासारख्या पालेभाज्याही कॅडमियम सहज उचलतात. नदीकाठची हिरवीगार भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, हे म्हणून महत्त्वाचं.

आणि आता सगळ्यात अवघड काम, ज्याचा फोटो कुणी काढत नाही. धातू पाण्यातून मुळांत गेला. पुढे? जलपर्णी मेली, कुजली, तळाला गेली की धातू परत नदीत. वर कुजताना ती पाण्यातला प्राणवायू संपवते, मग मासे मरतात, ते वेगळंच. म्हणजे ती वेळेवर काढलीच पाहिजे. काढून काठावर ढीग घातला तर पहिल्या पावसात सगळं पुन्हा पाण्यात. गांडूळखत केलं तर धातू खतात, खतातून वांग्यात. गाईला घातली तर गाईत. बायोगॅस केला तर गॅस चांगला, पण उरलेल्या रबडीत धातू जसाच्या तसा. धातूच्या नदीतली जलपर्णी वाळवून, धूर अडवणाऱ्या भट्टीत जाळून, राख घातक कचऱ्यासाठी बांधलेल्या खास खड्ड्यात ठेवावी लागते.

किती जलपर्णी काढायची म्हणजे किती शिसं निघेल? समजा, जलपर्णी वाळवल्यावर तिच्यात किलोमागे शंभर मिलिग्रॅम शिसं आहे. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एक टन ओली जलपर्णी भरली. तिच्यात शंभरात पंच्याण्णव भाग नुसतं पाणी. वाळून उरली पन्नास किलो. पन्नास गुणिले शंभर, म्हणजे पाच हजार मिलिग्रॅम. पाच ग्रॅम! चहाच्या चमचाभर साखरेएवढं वजन, त्यासाठी अख्खी ट्रॉली. पण मघाचा टाकीचा हिशोब विसरू नका. पाच ग्रॅम शिसं पाच लाख लिटर पाण्याला पिण्याच्या मर्यादेवर नेऊन ठेवतं. ट्रॉली वाया गेली असं म्हणता येईल का, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर कारखान्याच्या आतच ते पाच ग्रॅम अडवणं कितीतरी स्वस्त.

आता पंच्याण्णव टक्के पाणी हे मी सांगितलं म्हणून मानू नका, मोजून बघा. मोठं माणूस बरोबर घेऊन गावातल्या तळ्यातून एक जलपर्णी आणा. नदीत एकट्यानं उतरायचं नाही. हातमोजे घाला, नंतर हात साबणानं धुवा. पाणी निथळू द्या आणि वजन करा. स्वयंपाकघरातला काटा अजिबात नको, आई ओरडेल आणि तिचं बरोबर असेल. शाळेच्या प्रयोगशाळेतला ताणकाटा मागा. मग ती कडक उन्हात आठवडाभर वाळवा आणि पुन्हा वजन करा.

दुसरी जलपर्णी मिळाली तर आणखी एक गंमत. दोन पारदर्शक बरण्यांत सारखंच गढूळ पाणी घ्या. एकीत जलपर्णी सोडा, दुसरी तशीच ठेवा. रोज सकाळी दोन्ही बरण्यांच्या मागे वर्तमानपत्र धरा आणि मथळा कुठून आधी वाचता येतो ते लिहून ठेवा. मुळांचा रंग आणि त्यांवरचा गाळ यांचं चित्रही काढा. प्रयोग संपला की झाड विहिरीत, ओढ्यात, फिश टँकमध्ये कुठंही सोडायचं नाही. एका जलपर्णीचं तळं व्हायला वेळ लागत नाही. पूर्ण वाळवून, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या.

ओलं वजन, वाळलेलं वजन आणि मथळा कोणत्या दिवशी वाचता आला, हे तीन आकडे पोस्टकार्डावर लिहून आम्हाला पाठवा. जलपर्णी कोणत्या तळ्यातली, तेही लिहा.